उकिरड्याचा चर

ताईचं पत्र आलं त्याला नऊ वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र एका पानाचं होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. शाळेत असल्यापासून ताईच्या ओळी उजवीकडे वर चढत जातात, तशाच त्या पत्रातही चढत गेल्या होत्या. पाकिटावर माझं नाव होतं. ती माझ्याहून लहान, पण धाकट्या भावाची ताई म्हणून घरात सगळ्यांचीच ताई. आत पहिल्याच ओळीत होतं, "दादा, धाकट्याला वाचायचा कंटाळा, म्हणून तुला लिहिते. त्याला वाचून दाखव."

पुढे लिहिलं होतं ते असं. तिची नात तीन महिन्यांची होती, बाटलीनं दूध पीत होती. एक दिवस तिचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नेलं, चार दिवस ठेवलं, मूल वाचलं. डॉक्टरांनी विचारलं, दुधात पाणी कुठलं घालता? विहिरीचं. विहीर तपासली. पाण्यात खताचा अंश निघाला, लहान मुलाला सोसणार नाही इतका. "आमची विहीर ओढ्याला लागून आहे आणि ओढा तुमच्याकडून येतो. उकिरडा अजून तिथंच आहे का? चर चालू आहे का? मी भांडायला लिहीत नाही. त्या चराला लहानपणी मीही फावडं मारलंय. पण आता तो बंद करा. आणि बंद केला की मला एक ओळ लिही. म्हणजे मी इथं घरात सांगेन, की माझ्या भावांनी ऐकलं."

चराबद्दल सांगायला हवं. आमचा गोठा ओढ्याच्या वरच्या अंगाला, उकिरडा गोठ्याच्या मागे. वडील म्हणायचे, उकिरड्याचे पाय कोरडे राहिले पाहिजेत. म्हणून त्यांनी उकिरड्याच्या बुडापासून ओढ्यापर्यंत हातभर रुंदीचा, ओढ्याजवळ कमरेइतका खोल चर खणला होता. पाऊस झाला की तपकिरी पाणी त्या चरातून ओढ्यात उतरायचं आणि खत भुसभुशीत राहायचं. लोक बघायला यायचे. दर वर्षी पावसाआधी चर साफ करणं हे आम्हा भावंडांचं काम होतं. ताई पुढं, मी मागं, धाकटा काठावर बसून आम्हाला हुकूम सोडणार. तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

पत्र आलं त्या आठवड्यात धाकट्याच्या तीन गाई आजारी होत्या. दोन गेल्या. तो गोठ्यातच झोपायचा, जेवायचा नाही. मला वाटलं, चार दिवस जाऊ देत. मग वाटलं, आधी ताईला उत्तर लिहू, धाकट्याला मागाहून सांगू. उत्तर लिहायला बसलो. मी चौतीस वर्षं वाचनालयात नोकरी केली आहे, लग्न केलं नाही, धाकट्याच्या घरी बाहेरच्या खोलीत राहतो. घरातला शिकलेला माणूस मीच. पण "प्रिय ताई" च्या पुढे सरकेना. जे लिहावं ते खोटं वाटे, नाहीतर नटवं. अकरा कागद फाडले. मग महिना झाला. महिन्यानंतर उत्तर द्यायचं तर आधी महिन्याचं कारण द्यायला हवं. मग वर्ष झालं. पत्र मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं. तो खंड मी सहसा उघडत नाही.

आणि दर वर्षी पावसाआधी मी चर साफ करत राहिलो. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं आहे ते असं आहे. शेतातलं ते एकच काम धाकट्यानं माझ्यावर सोपवलेलं होतं. बाकी कशाला हात लावला की म्हणायचा, "दादा, राहू दे. तू पुस्तकातला माणूस." पण उन्हाळा संपत आला की म्हणायचा, "दादा, चराचं बघ हं." मला बरं वाटायचं.

यंदा दूध केंद्राच्या फळ्यावर सूचना लागली. ओढ्याकाठी उघडा उकिरडा असेल त्या गोठ्याचं दूध पावसाळ्यानंतर घेणार नाही. धाकटा घरी येऊन म्हणाला, "आता शेणाला पण छप्पर पाहिजे म्हणे. उद्या गाईंना पायमोजे घाला म्हणतील." पण दोन दिवस तो नीट जेवला नाही, हे मी बघितलं.

मग सरकारी योजनेची बाई आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत रिकाम्या बाटल्या. सगळे तिला बाटलीबाई म्हणत. तिनं आल्या आल्याच सांगितलं, "मला मागं काय म्हणतात ते माहितीय. पुढं म्हटलं तरी चालेल."

"जनावरं किती?" तिनं विचारलं.

"अकरा गाई," धाकटा म्हणाला. "आणि एक हा दादा. दूध देत नाही, पण खातो पण कमी."

मी हसलो. अशा वेळी मी नेहमी हसतो.

बाई उकिरड्याला वळसा घालून मागे गेली आणि चरापाशी उभी राहिली. धाकट्याची मान ताठ झाली. "आमच्या वडिलांचं डोकं आहे ते. बुडाला पाणी थांबतच नाही. खत बघा, हात घालून बघा."

बाईनं खरंच हात घातला. मूठभर खत काढलं, चोळलं, वास घेतला. "खत चांगलं आहे," ती म्हणाली. "पण यातलं चांगलं ते या चरानं निघून जातंय. जमिनीला जे पाहिजे ते तुम्ही ओढ्याला पाजता, आणि मग जमिनीला विकतची पोती आणून घालता. एकरी किती पोती?"

"दोन."

"माती तपासून घालता?"

"बघून घालतो. पीक पिवळं दिसलं की अजून अर्धं."

बाईनं लिहून घेतलं. मग तिनं योजना सांगितली. उकिरड्याऐवजी, ओढ्यापासून लांब, पक्क्या तळाचा हौद. त्याचा बहुतेक खर्च सरकारचा, खणायची मेहनत आपली. ओढ्याकाठी बारा फूट रुंद गवताचा पट्टा सोडायचा, तिथं नांगर नाही, खत नाही. माती तपासून लागेल तेवढंच खत टाकायचं, आणि कुठल्या तुकड्यात किती पाट्या, किती पोती, हे वहीत लिहायचं.

"लिहायला आमच्याकडे माणूस आहे," धाकटा माझ्याकडे हनुवटी करून म्हणाला. "आयुष्यभर त्यानं तेवढंच केलंय."

"आणि एक सही लागेल," बाई म्हणाली. "ओढ्याच्या खाली पहिली जी विहीर, तिच्या मालकाची. तीन वर्षं आम्ही त्या विहिरीचं पाणीही तपासणार, तेव्हा त्यांना माहीत पाहिजे. खाली कोण राहतं?"

 आतून धाकट्याची बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"आमची बहीण," धाकटा म्हणाला. "तिची विहीर."

"मग तर सोपंच झालं."

"बोलत नाही ती आमच्याशी."

"का?"

"तिलाच विचारा. मोठं घर मिळालं, भाऊ लहान वाटायला लागले." त्यानं चहाचा कप घेतला आणि गाईंकडे तोंड करून प्यायला.

जाताना बाईनं माझ्या हातात दोन बाटल्या दिल्या. एक आपल्या शेताच्या वरच्या बांधापाशी भरायची, एक चराच्या खाली. आधी तीनदा ओढ्याच्याच पाण्यानं विसळायची, तोंड प्रवाहाकडे धरायचं, सकाळी भरून दूध केंद्रावर बर्फात ठेवायला द्यायची. मला हे सगळं तिनं दोनदा सांगितलं. मी तसा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर उतरलो. वरची बाटली भरली. धाकटा मागून आला.

"दादा, दुसरी पण इथंच भर."

"बाईंनी चराच्या खाली सांगितलंय."

"बाई बघतेय का? आपलं नाव कशाला खराब करायचं? वडिलांचं नाव आहे."

मी वरच्या बाटलीचं झाकण लावलं. तो धार काढायला गेला. मी चराच्या खाली गेलो आणि बाटली भरली. यात माझा मोठेपणा काही नाही. खोटी बाटली भरली आणि बाईनं विचारलं तर माझा चेहरा सगळं सांगेल, याचीच मला जास्त भीती वाटली. पाणी दोन्ही बाटल्यांत सारखंच स्वच्छ दिसत होतं. मी त्या उन्हाकडे धरून बघितल्या. काहीच फरक नव्हता. क्षणभर असंही वाटलं, ताईचं काहीतरी चुकलं असेल.

आठ दिवसांनी बाई कागद घेऊन आली. खताचा अंश वरच्या बाटलीत जेवढा, त्याच्या पाचपट खालच्या बाटलीत होता. "दिसत नाही, वास येत नाही, उकळलं तर जात नाही, उलट वाढतं," ती म्हणाली. धाकट्यानं कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि माझ्याकडे बघितलं. खालच्या बाटलीबद्दल तो काही बोलला नाही. फक्त कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "खड्डा कुठं खणायचा ते दाखवा."

खणायला आम्ही दोघंच होतो. मजूर मिळत नव्हते. सगळ्याच गोठ्यांपाशी खड्डे खणणं चालू होतं. धाकटा साठीचा, मी सत्तरीपुढचा. तो कुदळ मारायचा, मी सुटलेली माती घमेल्यात भरायचो. वरचा दोन हात मुरूम होता, खाली चिकण माती. चिकण माती फावड्याला धरून बसायची, प्रत्येक वेळी ती पायाच्या अंगठ्यानं सोडवावी लागे. दुपारपर्यंत माझे तळवे सोलले. धाकट्याच्या बायकोनं तेल आणून दिलं. ती म्हणाली, "दादा, हळू. पुस्तकाची पानं नाहीत ती." पण तिनं माझ्या तळव्यांना चिंध्या बांधल्या, त्या घट्ट आणि नीट बांधल्या.

ओढ्याकाठच्या पट्ट्यासाठी धाकट्यानं खुंट्या ठोकल्या. बाईनं टेप लावला. "तुमचे बारा फूट नऊ फुटांचे आहेत."

"पावलांनी मोजले. माझे पाय लहान आहेत, बाई."

"मग टेपनं मोजा. टेपला पाय नसतात."

धाकट्यानं खुंट्या उपटल्या आणि तीन फूट आत ठोकल्या. त्या तीन फुटांत त्याचा मका गुडघ्याएवढा झाला होता. तो त्यानं स्वतःच उपटला, गाईंना घातला. कुणी मदतीला गेलं असतं तर आवडलं नसतं, म्हणून मी गेलो नाही. खरं म्हणजे मी अशाच कारणांनी बऱ्याच ठिकाणी गेलेलो नाही.

खड्डा झाला. त्याचा तळ आणि भिंती मंजुरीनंतर बांधायच्या होत्या, आणि मंजुरी सहीवाचून अडली होती. मुदत महिनाअखेरची. पण चर बंद करायला मंजुरी लागत नाही, असं बाई म्हणाली होती. म्हणून आम्ही दाताळ्यांनी उकिरडा उचलून वरच्या माळावर नेला, वर ताडपत्री घातली, आणि खड्ड्याची चिकण माती चरात लोटायला लागलो. मी चरात उतरून माती पायानं दाबत होतो. धाकटा वरून लोटत होता. दुपार होती, वारा पडला होता. शेणाच्या जुन्या थरांची वाफ अजून येत होती.

"सहीचं काय करायचं?" धाकटा म्हणाला.

मी माती दाबत राहिलो.

"मी गेलो होतो एकदा तिच्याकडे. तुला सांगितलं नाही. पोरीच्या लग्नाचं बोलवायला, सात वर्षं झाली त्याला. फाटकाशी उभी होती. डोक्यावर हंडा, हातात कळशी. आत ये म्हणाली नाही. म्हणाली, एवढा शिकलेला भाऊ घरात, आणि तुम्हाला दोन ओळी लिहवत नाहीत? म्हटलं, अगं मी स्वतः आलोय ना बोलवायला, छापील पत्रिका पाहिजे का तुला? ती आत निघून गेली." त्यानं फावडं मातीत रोवलं. "मी शाळा सोडली ते तिला आयुष्यभर टोचलं. बहिणीनं फाटकाशी उभं करून अडाणी म्हणावं. मी काय केलं होतं तिचं?"

मी चरात कमरेइतका उभा होतो. बाहेर यायला हाताला धरायला काही नव्हतं. मी म्हणालो, "तिचं पत्र आलं होतं."

"कुणाचं?"

"ताईचं. तू गेलास त्याच्या आधी दोन वर्षं. तुला वाचून दाखव म्हणून लिहिलं होतं. मी दाखवलं नाही."

धाकटा फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "काय होतं त्यात?"

"आणतो."

"तुला पाठ असणार. तुझं मला माहितीय. म्हण."

मला पाठ होतंच. मी चरात उभा राहून ते सगळं म्हटलं. शाळेत कविता म्हणताना व्हायचा तसा माझा आवाज झाला. नातीचं, दवाखान्याचं, विहिरीचं, चराचं. "माझ्या भावांनी ऐकलं" हे शेवटचं वाक्यही म्हटलं.

धाकट्यानं पहिल्यांदा विचारलं, "मूल जगलं ना?"

"जगलं. नऊ वर्षांचं असेल आता."

"तू बघितलंस?"

"नाही."

"हंडा," तो म्हणाला. "डोक्यावर हंडा होता तिच्या. मला वाटलं, नळ बंद असेल. दारात विहीर असून लांबून पाणी आणत होती ती." तो ओढ्याकडे वळला. मग म्हणाला, "आणि तू दर वर्षी हा चर साफ केलास."

"हो."

"पत्र आल्यावर."

"तू म्हणायचास ना, चराचं बघ."

"मी म्हणायचो!" तो ओरडला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मला माहीत नव्हतं, दादा. मला माहीत नव्हतं म्हणून म्हणायचो."

त्यानं वाकून माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. दुसरा हात पुढे करून मला वर ओढलं, कारण मला स्वतःला चढता येत नव्हतं. वर आल्यावर हात सोडला. "उद्यापासून कामाला येऊ नकोस," तो म्हणाला.

राहिलेला चर त्यानं एकट्यानं बुजवला. मी खोलीतून फावड्याचा आवाज ऐकत होतो. माती लोटली की एक आवाज, पाठीनं थापटली की दुसरा.

त्यानंतर जेवण माझ्या खोलीत यायला लागलं. इतकी वर्षं आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो. तो बोलायचा, मी ऐकायचो. आता धाकट्याची बायको ताट आणून टेबलावर ठेवायची, पुस्तकं बाजूला सारून. तिसऱ्या दिवशी ती ताट ठेवून गेली नाही, उभी राहिली.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही दिवसभर वाचता. मग दोन ओळी लिहायला झालं काय होतं?"

"नीट शब्द सापडत नव्हते."

"शब्द?" तिनं खरोखरच न कळल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "त्यांनी एकच ओळ मागितली होती ना? चर बंद केला, एवढी."

ती गेल्यावर मी जेवलो नाही. अकरा कागद मी फाडले होते. त्या सगळ्यांत क्षमा होती, दुःख होतं, एका कागदावर तर जगातल्या सगळ्या नद्यांबद्दल काहीतरी होतं. चर बंद केला ही ओळ एकाही कागदावर नव्हती. कशी असेल? ती लिहायची तर आधी चर बंद करायला हवा होता, त्यासाठी धाकट्याला सांगायला हवं होतं. शब्द सापडत नव्हते हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आणि मला ते पटतही आलं.

शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्राची घडी पिवळी पडली होती, घडीवर एक शब्द झिजून गेला होता. तो कुठला ते मला माहीत होतं. मी कागद घेतला आणि लिहायला बसलो.

महिनाअखेर सहा दिवसांवर आली होती. अर्धं पत्र झालं असेल, तेव्हा धाकटा दारात आला. चर बुजवल्यापासून तो पहिल्यांदा या खोलीत येत होता. हातात सरकारी अर्ज होता, चार पानांचा, कोपऱ्याला टाचणी.

"ताईला लिहितोयस?" तो म्हणाला. "बायकोनं सांगितलं."

"हो."

"हा त्यातच घाल. सहीची जागा मी फुलीनं दाखवलीय."

मी अर्जाकडे बघितलं. फुली मोठी होती, पेन्सिलीची, दोनदा गिरवलेली. मी धाकट्याला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. त्याच्या घरात राहतो, त्याचं अन्न खातो. शिवाय आता तर मला तोंडच नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"हा नाही घालायचा. नऊ वर्षांनी उत्तर जाणार, आणि त्यात सहीचा कागद? ती काय समजेल? अडलं तेव्हा आठवण झाली."

"अडलंच आहे."

"म्हणूनच."

"दादा, मुदत जाईल. पावसाळ्यानंतर दूध कुठं घालू मी? अकरा गाई आहेत. हौदाचा खर्च मला झेपणार नाही, तुला माहितीय." तो ओरडत नव्हता. तेच अवघड होतं.

"माहितीय," मी म्हणालो. "मुदत चुकली तर ती माझ्यामुळे. सगळंच माझ्यामुळे. पण हा कागद मी त्यात घालणार नाही."

 धाकटा दारात उभा होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबलेला होता, म्हणजे तिकडे ऐकणं चालू होतं. मग तो माझ्या खाटेच्या कडेवर बसला. अर्जाची त्यानं गुंडाळी केली, उलगडली, परत गुंडाळी केली.

"वाच," तो म्हणाला. "काय लिहिलंयस ते."

मी वाचलं. "ताई, तुझं पत्र मला मिळालं. नऊ वर्षांपूर्वीच मिळालं. धाकट्याला मी ते दाखवलं नाही, त्याला या महिन्यात कळलं. तो तुझ्या दारात आला तेव्हा त्याला काही माहीत नव्हतं. पत्र आल्यानंतरही दर वर्षी मी चर साफ केला. उकिरडा आता ओढ्यापासून लांब नेला आहे. धाकट्यानं चर बुजवला."

"मी बुजवला लिहू नकोस," धाकटा म्हणाला.

"तूच बुजवलास."

"निम्मा तू दाबला होतास. भावांनी बुजवला असं लिही. तिनं भावांनी असंच लिहिलं होतं ना?"

मी खोडलं आणि तसं लिहिलं. तो ओणवा होऊन बघत होता, त्याला माझं अक्षर नीट लागत नाही तरी.

"पाण्याचं लिही. बाई म्हणाली ते."

मी लिहिलं. "जमिनीत मुरलेला खताचा अंश उतरायला दोन-तीन वर्षं लागतील असं तपासणाऱ्या बाई म्हणतात. तोवर तुझ्या विहिरीचं पाणी पिऊ नकोस. उकळूनही नको."

"आणि म्हणावं, हंडा..." तो थांबला. "काय म्हणावं हंड्याचं?"

मलाही सुचेना.  शेवटी तो म्हणाला, "लिही, धाकट्याला हंडा दिसला होता. पण कळला नाही."

मी तेवढंच लिहिलं. शेवटी मी "उत्तर नाही दिलंस तरी चालेल" असं घातलं होतं, ते वाचून बघितलं. चालणार नव्हतं. ते खोडलं. दुसऱ्या कागदावर उतरवून काढायचा विचार आला, पण मग ते कधी गेलं नसतं. खाडाखोडीसकट घडी घातली.

धाकटा उठला. गुंडाळी केलेला अर्ज त्यानं काखेत घेतला. दारापर्यंत जाऊन म्हणाला, "दूध नाही घेतलं तर नाही घेतलं." आतून त्याची बायको म्हणाली, "आपण पिऊ. दादांची तब्येत तरी सुधारेल." तो हसला नाही, पण दारातून वळला. मग म्हणाला, "जेवायला आत ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेलो. याच पेटीवरून चौतीस वर्षं मी वाचनालयात जात-येत होतो. नोकरी संपल्यावरही, या नऊ वर्षांत, कितीदा तरी कोटाच्या आतल्या खिशात कोरं पाकीट ठेवून इथून गेलो होतो, हे कुणाला माहीत नाही. खिडकीतल्या माणसानं तिकीट दिलं आणि पत्ता बघितला.

"हे तर ओढ्याच्या खालचं. काका, काठाकाठानं निघालात तर तासाभरात पोचाल. हे परवा मिळेल त्यांना."

"तिनं पोस्टानं पाठवलं होतं," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नसावं. त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या माणसाकडे वळला. मी तिकिटाला डिंक लावला. तळव्यांवरचे फोड वाळले होते, पण बोटांच्या पेरांत चिकण मातीची रेघ अजून होती, ती धुऊन जात नव्हती. पाकिटाच्या कोपऱ्यावर तिचा ठसा उमटला. पुसायला गेलो तर पसरेल, म्हणून तसाच राहू दिला.

पेटीच्या तोंडात हात घातला आणि पाकीट सोडलं. ते तळाला पडल्याचा आवाज आला.